दिवाणखान्यातली एलायझा

उंद्री, रात्र.
जेवणं आटोपल्यावर १९३८चा इंग्रजी ‘पिग्मॅलियन’ पाहिला. बर्नार्ड शॉच्या नाटकावरचा हा चित्रपट. पटकथेसाठी शॉला ऑस्करही मिळालं. उच्चार शिकवणाऱ्या हिगिन्सच्या आईचा दिवाणखाना, चहाचे कप, ताठ बसलेले पाहुणे आणि त्यांच्यात फुलं विकणारी एलायझा. उच्चार अगदी घासूनपुसून लख्ख केलेले, पण विषय मावशीच्या मरणाचा आणि दारूचा! पोटभर हसलो. पुलंनी १९७५ साली याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणली, भक्ती बर्वेंची मंजुळा, म्हणजे मराठी एलायझा, घराघरांत पोचली.

हसू ओसरल्यावर मन आपल्या चिखली तालुक्यातल्या लेकरांकडे गेलं. घरी मोकळेपणानं वऱ्हाडी बोलणारी ही पोरं पुण्यात मुलाखतीला बसली की तोंड उघडायला बिचकतात. प्रमाणभाषा त्यांनी जरूर शिकावी, तिनं दारं उघडतात. पण शिकवणाऱ्यानं आधी त्यांना माणूस म्हणून मान द्यावा. एलायझाचं हिगिन्सशी भांडण त्यासाठीच आहे. शॉनं नाटकात तिला स्वतःच्या पायांवर उभं केलं. चित्रपटानं मात्र शेवटी हिगिन्सकडे परत आणलं. मला शॉचाच शेवट पटतो. उच्चार हिगिन्सनं दिले, स्वाभिमान तिचा स्वतःचा होता.