पंचाची सही

२०१५ सालच्या दुष्काळात मला एका शेतावर पंच म्हणून बोलावणे आले. परांड्याकडच्या एका गावी मी तेव्हा शिक्षक होतो. जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. धाराशिव सरकारदरबारी २०२३ मध्ये झाले.

बोलावणारा शिपाई माझाच विद्यार्थी. त्याच्या भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावावे लागे. हा पहाटे चारला सडकेवर अनवाणी धावे आणि संध्याकाळी माझ्याकडे गणिते सोडवायला बसे. पुढे नऊ महिन्यांचे प्रशिक्षण. तुकडीत मुंबईला जाणारी पोरेही होती. कवायत तीच, रायफल तीच, कायद्याची पुस्तके तीच. मला वाटले, आता शहरातल्या आणि आपल्या पोलिसात अंतर ते काय उरले?

शेतकऱ्याने लिंबाला गळफास घेतला होता. हवालदार गर्दी आवरण्यात आणि फोनवर गुंतलेले, म्हणून लिहायला बसला हा. मयताचा भाऊ खाली मान घालून म्हणाला, "पोट दुखायचं त्याचं. आजाराला कंटाळला, साहेब." घरावर कर्ज आहे हे चारचौघांत कोण बोलणार!

पोराने मला हळूच विचारले, "गुरुजी, कारण काय लिहू?"

मी म्हणालो, "भाऊ सांगतो ते लिही."

त्याने 'कंटाळुन' लिहिले. मी ते 'कंटाळून' करायला लावले आणि खाली सही केली.

अशा घराला सरकारची एक लाखाची मदत असते; २००६ सालापासून तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. पण नापिकी आणि कर्ज कागदावर दिसावे लागते. आमच्या कागदावर पोटदुखी होती. प्रकरण अपात्र ठरले. सोसायटीच्या थकबाकीची नोटीस घरातल्या पेटीत होती, दहा पावलांवर.

त्याच्याच तुकडीतला एक सोबती मुंबईला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा मी मुद्दाम विचारले. म्हणाला, पहिली दोन वर्षे मला पंचनाम्याला पेन लावू दिले नाही. जुने रायटर हवालदार लिहीत आणि मी शेजारी बसून बघे. आमच्या पोराला शेजारी बसायला कोण मिळाले? मी मिळालो. माझी विद्या ऱ्हस्व-दीर्घापुरती!

गेल्या दिवाळीला तो घरी आला होता. आता हवालदार झाला आहे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचे १७४ कलम जाऊन १९४ आले. तो आकडा त्याने पाठ केला आहे. पण बोलता बोलता म्हणाला, "मी आता आधी घरातल्या बाईला विचारतो, गुरुजी. पेटी उघडायला सांगतो. मग लिहितो."

"हे कुठे शिकवले?"

तो काही बोलला नाही. करंजी तशीच हातात धरून बसला.

त्या घरावरून माझे अजून जाणे-येणे असते. एकदा त्या बाईने हाक मारून चहा दिला. त्या कागदावर माझी सही आहे हे तिला ठाऊक आहे की नाही, मी विचारले नाही.