टाकलेल्याचें आडनांव

आडनांव हें मनुष्यास न मागतां मिळणारें धन. कोणाचें गांवावरून पडतें, कोणाचें वृत्तीवरून, कोणाचें एखाद्या पूर्वजाच्या विक्षिप्त संवयीवरून. इटलींतील नेपल्स शहरीं अतिशय प्रचलित असलेल्या ‘एस्पोझितो’ या आडनांवाची कथा मात्र निराळी आहे. लॅटिन भाषेंत ‘एक्स’ म्हणजे बाहेर व ‘पोसितुस’ म्हणजे ठेवलेला. दोहोंचा समास केला असतां अर्थ होतो, बाहेर ठेवलेला, अर्थात् टाकलेला.

नेपल्समधील आनुन्त्सियाता या धर्मसंस्थेच्या भिंतींत एक फिरतें लांकडी चक्र होतें. दारिद्र्यानें वा लोकलज्जेनें गांजलेली माता रस्त्याच्या बाजूनें त्यांत अर्भक ठेवी. चक्र फिरलें कीं मूल आंत जाई, आणि ठेवणारीचें मुख कोणास दिसत नसे. अशीं मुलें एस्पोझितो झालीं. १८७५ सालीं तें चक्र बंद झालें. जन्माचें रहस्य उघड करणारीं आडनांवें देण्यास कायद्यानें मनाईहि झाली. परंतु पूर्वीं दिलेलें आडनांव नातवापणतवांच्या मागें चालतच राहिलें.

त्याच देशांत याहून कनवाळू रीतिहि होती. फ्लॉरेन्स येथें १४४५ सालीं उघडलेल्या बालगृहांतील मुलांस ‘इन्नोचेन्ती’ म्हणजे ‘निष्पाप’ हें आडनांव मिळे. मिलानच्या रुग्णालयाचें चिन्ह कबूतर. म्हणून तेथील अनाथ ‘कोलोंबो’ झाले. एका नांवांत त्याग राहिला, दुसऱ्यांत आश्रय.

आपल्या शास्त्रकारांसहि हें मूल अपरिचित नव्हतें. मनूच्या बारा पुत्रांत ‘अपविद्ध’ आहे. मातापित्यांनीं टाकलेला व दुसऱ्यानें स्वीकारलेला तो अपविद्ध. शब्दार्थ तोच, जो नेपल्सच्या आडनांवाचा. पण मनूनें त्यास दायाद अशा पहिल्या सहांत बसविलें. मेनकेनें टाकलेल्या कन्येस कण्वांनीं नांव दिलें तें टाकणारीवरून नव्हे, तर तिचें रक्षण करणाऱ्या शकुन्तांवरून. कर्णहि राधेय म्हणवी, तें त्यास वाढविणाऱ्या राधेमुळें.

ग्रंथांत एवढें औदार्य असतां घरांत काय होतें? गेल्या शतकाआधींच्या शतकांत ब्राह्मण विधवांवर अर्भक टाकण्याची, प्रसंगीं मारण्याचीहि पाळी येई. पुण्यास १८६३ सालीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें तें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं. अशाच एका विधवेच्या मुलास त्यांनीं पुत्र मानिलें; तो यशवंत फुले पुढें डॉक्टर झाला. नांव दिलें तें स्वतःचें. हें काम मनु पाठ म्हणणाऱ्यांच्या घरीं व्हावयास हवें होतें, असें मला नेहमीं वाटतें.

शाळेंत नांवें दाखल करतांना ‘वडिलांचें नांव’ विचारतांच मान खालीं घालणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यांच्या मागें कोणतेंच एस्पोझितो लागलेलें नसे. पण ‘हा मूळचा कोणाचा?’ हा वडीलधाऱ्यांनीं माजघरांत हलक्या आवाजांत केलेला प्रश्न तेंच काम करी. दत्तक मूल घरांत आणणाऱ्या कुटुंबांनीं निदान तो प्रश्न तरी उंबऱ्याबाहेर ठेवावा. टाकण्याजोगें तेवढेंच आहे.