अंदमानला जायचं, पण कसं?

"काळ्या पाण्यावर जाऊन येते" असं मी शेजारणीला सांगितलं, तेव्हा तिनं आधी ह्यांच्याकडे संशयानं पाहिलं! थट्टा सोडा मैत्रिणींनो, पण अंदमान आमच्या सासूबाईंच्या फार दिवसांपासून मनात होतं. 'माझी जन्मठेप' त्यांनी किती वेळा वाचलं असेल, गणती नाही. वय ७५, गुडघे कुरकुरणारे आणि इच्छा एकच, सावरकरांची कोठडी पाहायची.

त्यांचा हट्ट बोटीचा. १९११ साली सावरकरांना 'महाराजा' बोटीतून नेलं, मग आपण का नाही? तशा चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी बोटी जातात. पण चेन्नईपासून अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, तीनएक दिवस लागतात. बोट रोज नसते, महिन्यातून मोजक्याच फेऱ्या आणि तारखाही मागेपुढे होतात. रजा भरपूर आणि पोट घट्ट असेल तर जरूर जा, तिकीटही परवडतं. आमच्याकडे रजा दहा दिवसांची! जाऊन-येऊन सहा दिवस पाण्यावरच गेले असते. शेवटी चेन्नईपर्यंत आगगाडी आणि पुढं विमान असं ठरलं. दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर! (२०२४ पासून गावाचं नाव श्री विजयपुरम झालंय, तोंडात मात्र जुनंच बसतं.) तिथल्या विमानतळाला सावरकरांचंच नाव आहे. ते वाचलं आणि सासूबाईंचा विमानावरचा राग तिथंच उतरला.

खरी परीक्षा पुढं असते, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, पाहायला सगळेच जातात. खासगी बोट दीडेक तासात पोचवते. सरकारी बोटीला अडीच तास लागतात, पण ती स्वस्त. मात्र बेटावरच्या लोकांची ती एस.टी.च, तेव्हा आधी त्यांना जागा, मग तुम्हांआम्हांला. दोन्हींची तिकिटं आधीच काढून ठेवा. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच न्यावी, निघताना पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि पर्समध्ये आलेपाक असू द्यावा. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन जाऊच नका.

आता आमची चूक सांगते. "जेल काय, गावातच आहे, शेवटी पाहू" म्हणून आम्ही आधी हॅवलॉक गाठलं. परतीच्या सकाळी वारा सुटला आणि बोटी बंद! दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, आणि आम्ही समुद्राच्या पलीकडे. ह्यांची चिडचिड, माझे हिशेब. सासूबाई मात्र एकच विचारत होत्या, "कोठडी राहिली का गं?" दुसऱ्या दिवशी दुपारी पोर्ट ब्लेअरला पोचलो, तोवर विमान गेलेलं. नवी तिकिटं त्या वेळच्या भावानं घ्यावी लागली, वर्षाची दिवाळी त्यातच गेली म्हणा ना! तेव्हा परतीच्या आधी दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच काढा, आणि जे मनापासून पाहायचं ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

विमान चुकल्यामुळं ती संध्याकाळ मात्र हाती लागली. सामान लॉजवर टाकलं आणि तडक सेल्युलर जेल. चक्राच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीनच उभ्या आहेत. एकीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. थोरले बंधू बाबाराव ह्याच तुरुंगात होते, हे सासूबाईंनीच मुलांना सांगितलं. प्रत्येक जिन्यावर बसत बसत त्या वर चढल्या. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. कोठडीत गेल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. धाकटी बाहेरून कुजबुजली, "आजी रडतेय का?" मी तिला गप्प केलं. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा पहारेकरी आला, पण त्यानंही घाई केली नाही.