दातांच्या दोन खुणा

जुन्या वस्तू चमकवण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहत असालच. गंजलेली कात्री, बंद पडलेलं घड्याळ, आणि पाच मिनिटांत सगळं नव्यासारखं! मलाही ते फार आवडतात. म्हणून आजीने आजोबांचा तंबाखूचा पाइप माझ्या हातात ठेवून "जरा नीट करून दे गं" म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

बाबांना ते आवडलं नाही. आजोबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. "ज्याने माणूस नेला, ते चमकवून काय करायचंय?" एवढंच बोलून ते उठून गेले.

बाबांचं म्हणणं खरं होतं. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो सिगारेटपेक्षा बरा, असं पूर्वी खूप जण मानत. पण तो धूर तोंडात खेळतो आणि ओठ, जीभ, घसा यांचा कॅन्सर त्यानेही होतो. आमच्या छत्तीसगढमध्ये तर तंबाखूचा गुडाखू दातांना घासतात. रूप वेगळं, विष तेच.

मग आजीला तो पाइप का हवा होता? आजोबा नागपूरहून भिलाईला ड्राफ्ट्समन म्हणून आले. तिथली पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी. एका साहेबांनी निवृत्त होताना हा पाइप त्यांना दिला. पुढे पंडरीत घर झालं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ते तो ओढत. आजी म्हणते, "फोटोत ते नेहमी ताठ बसलेत. हसायचे ते फक्त पाइप हातात असला की."

मी कामाला लागले. पाइपच्या लाकडावर 'रिअल ब्रायर' अशी झिजलेली अक्षरं होती. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ती इतकी टणक असते, की निखारा आत असूनही सहज जळत नाही.

तोंडात धरायची नळी लाकडात घट्ट अडकली होती. जोर लावला तर लाकूड तडकतं. म्हणून पाइप वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला आणि हळूच पिळला. नळी सुटली. आतली वाट साफ करायला मऊ लव असलेली तार लागते. ती स्टेशनरीच्या दुकानात मिळाली! मुलं शाळेत ज्या रंगीत तारांची फुलं करतात ना, त्यांना 'पाइप क्लीनर' का म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

आत काजळीचा जाड थर होता. थर फार वाढला, की उष्णतेने फुगून लाकूड फोडतो. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून तो थोडा थोडा खरवडला. मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस रात्रभर आत ठेवला. सकाळी कापूस तपकिरी झाला होता. बाहेरच्या बाजूला मात्र स्पिरिट लागू द्यायचं नाही, पॉलिश जातं.

नळी हिरवट-तपकिरी पडली होती. ती एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. जुन्या फाउंटन पेनांचंही तेच. ऊन लागलं की त्याचा काळा रंग उडतो. बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासला, आधी चारशे नंबरचा, शेवटी दोन हजारांचा. पंडरीच्या कापड मार्केटमधून आणलेल्या मऊ चिंधीने मधमाशीचं मेण चोळलं. नळी काळी कुळकुळीत झाली.

आता राहिल्या दातांच्या दोन खुणा, एक वर, एक खाली. एबोनाइटला हलकी आच दिली, की असे खळगे फुगून वर येतात. मी मेणबत्ती पेटवली, तेवढ्यात आजी आली. तिने खुणेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "हे राहू दे. हे त्यांचं आहे."

मी मेणबत्ती विझवली.

पाइप आता आजीच्या कपाटात आहे. तो कुणी पेटवणार नाही, हे बाबांनी सांगायच्या आधी आजीनेच सांगितलं. बाबा अजून त्याला हात लावत नाहीत, आणि आम्हीही आग्रह करत नाही. एकाच वस्तूत आजीला नवऱ्याचं हसू दिसतं आणि बाबांना हॉस्पिटलचे शेवटचे महिने. दोघंही खरं तेच बघतात.

तुमच्याही घरात असं काही पडून असेल. अडकित्ता असेल, पानाचा डबा असेल, कुणाचा चष्मा असेल. जरूर साफ करा, जमतं ते. फक्त घासायला बसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं. काही डाग मळ नसतात.