किती बाटल्या?

ईस्टरचं जेवण उरकलं, मोठी टोपं घासून पालथी पडली, की माझी आजी ओटीवर पाय पसरून बसायची आणि बोटांवर मोजायला लागायची. घरातली माणसं अठरा. धाकट्या काकाचं लग्न ठरलेलं, म्हणजे एक ताट वाढणार. आत्या बाळंतपणाला येणार; तिला स्वतःला तिखट चालणार नाही, पण तिला बघायला येणाऱ्यांना जेवू घालावं लागेल. ज्या आत्याचं लग्न मागच्या वर्षी झालं तिच्या सासरी दोन बाटल्या पाठवायच्या. मग नोव्हेंबरातलं लग्न: उंबराचं पाणी आणायला जाऊन आल्यावर वाजंत्र्यांसकट सगळं गाव मांडवात जेवणार. आजीची बोटं थांबायची तेव्हा सगळे गप्प होत. "छत्तीस," ती म्हणायची. त्या छत्तीस बाटल्यांवर आमचं वर्ष निघायचं.

कुर्ल्याच्या गावठाणातल्या आम्हा ईस्ट इंडियन लोकांच्या घरी हा बाटलीचा मसाला होतो. आता सगळे 'बॉटल मसाला' म्हणतात. रोजची मासळीची आमटी, रविवारचं मटणाचं लोणवास, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची खुडी, चिंचेतले बोंबील, अगदी शुक्रवारची मसूर डाळसुद्धा त्याच्यावरच होते. गेली सदतीस वर्षं मी तो करते आहे. त्याआधी बारा वर्षं आजीच्या आणि आईच्या हाताखाली मिरच्यांचे देठ मोडले.

आईची एक वही आहे. तिच्यात सत्तावीस जिन्नस लिहिलेत, तोळ्यांत. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, हे शोधून मी सगळं ग्रॅममध्ये मांडलं आणि वाटलं, चला, आता मसाला हातात आला. किलोभर मिरचीला अर्धा किलो धणे, पाव किलो हळकुंड, मग तीळ, खसखस, मोहरी, जिरं, शहाजिरं, मिरी, दालचिनी, लवंग, दोन्ही वेलच्या, जायफळ, जायपत्री, बाद्यान, नागकेशर, दगडफूल, तमालपत्र, कबाबचिनी. शिवाय गहू आणि चणे. परक्या माणसाला मसाल्यात गहू वाचून नवल वाटतं, पण आमच्या रश्शाला जे अंग येतं ते या गव्हा-चण्यांमुळे. खोबरं न घालताही रस्सा भाताला धरून राहतो. माझ्या मते या मसाल्याची खरी ओळख त्यात आहे. लवंग-दालचिनी तर सगळ्यांच्याच मसाल्यात असते.

वहीत भाजण्याबद्दल एकच शब्द आहे: 'वेगवेगळं'. सगळी विद्या त्या शब्दात आहे आणि वहीतून ती कळत नाही. प्रत्येक जिनसाचं पाणी वेगळं, तेल वेगळं. धणे मंद आचेवर घ्यायचे. आधी गवतासारखा वास येतो, मग एकदम संत्र्याच्या सालीसारखा येतो, तो आला की उतरवायचे. गहू सोनेरी होऊन फुगेपर्यंत थांबावं लागतं, घाई केली तर पीठ कच्चं राहतं आणि रस्सा चिकट लागतो. हळकुंडं फोडून, थोड्या तेलावर, आतपर्यंत तापली पाहिजेत. मिरची चार उन्हं खाऊन कुरकुरीत झालेली असते, तिला आच फक्त दाखवायची. रेशमपट्टी तिखटासाठी, काश्मिरी रंगासाठी. तीळ तडतडले की कढई खाली, पण हात थांबवायचा नाही, कारण लोखंडाची कढई उतरल्यावरही भाजत राहते.

ते शेवटचं मला सव्विसाव्या वर्षी शिकावं लागलं. आई आजारी होती, पहिल्यांदाच सगळं माझ्यावर आलं. तीळ उतरवले आणि दारात कुणी हाक मारली म्हणून उठले. परत आले तोवर रंग जरा खाली गेला होता. जराच. मला वाटलं, अडीचशे ग्रॅम तीळ एवढ्या सगळ्यात कुठे कळणार! टाकून द्यायला जीव झाला नाही. दोन महिन्यांनी कडवटपणा वर आला आणि मग पुढच्या ईस्टरपर्यंत प्रत्येक आमटीत तो होता. घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही. वडील डाळीत थोडा गूळ टाकून घेत, तेही मी पाठमोरी असताना. ते मला अजून आठवतं. त्या वर्षानंतर मसाला भाजताना मी दाराला कडी लावते.

भाजलेलं सगळं पूर्ण निवलं पाहिजे. कोमट असताना कुटलं तर बाटलीत वाफ धरते आणि पावसाळ्यात बुरशी येते. आजीच्या वेळी रात्रभर ते सुपांमध्ये पसरलेलं असे, आणि सकाळी कांडपिणी येत. एका उखळाभोवती तिघी, लोखंडी कड्याची मुसळं, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. डोक्यापासून नाकापर्यंत फडकं बांधलेलं. त्या गात, आणि गाण्याचा ठेका चुकला तर मुसळावर मुसळ आपटेल हे आम्हा मुलांनाही कळे. ठसका लागून आम्ही गल्लीच्या टोकाला पळायचो, तर तिथेही दुसऱ्या घरची मिरची. एप्रिल-मे महिन्यात अख्खं गावठाण शिंकत असे. कुटलेलं वस्त्रगाळ करायचं, वर राहिलेली भरड पुन्हा उखळात. शेवटी जी हट्टी भरड उरे तिची त्या संध्याकाळी मटणाची आमटी, आणि पहिलं ताट कांडपिणींना.

आता उखळ अंगणात उलटं पडलंय, त्यावर तुळशीची कुंडी आहे. मी मसाला लालबागला नेते. मिरची गल्लीतून जिन्नस घ्यायचे, घरी आणून भाजायचे आणि परत डंकावर न्यायचे. डंकाची मुसळं यंत्रावर चालतात, पण कुटतात, दळत नाहीत, म्हणून मसाला फार तापत नाही. गिरणीत दळून आणलेला मसाला मी एकदा करून पाहिला, वास निम्म्यावर आला होता. डंकावर मी उभी राहते, शेवटचा मूठभर मसाला पिशवीत पडेपर्यंत.

आणि बाटली. बिअरची, गडद तपकिरी, 650 मिलिलिटरची. आमच्या पूर्वजांनी ती शोभेसाठी धरलेली नाही. उजेडानं मिरचीचा रंग उडतो, ती काच उजेड अडवते. गळा चिंचोळा, त्यामुळे उघडली तरी मसाल्याला हवा थोडीच लागते. धुऊन, दोन दिवस कडक उन्हात उपडी ठेवून सुकवायची. कागदाच्या नाळक्यानं मसाला सोडायचा, गोधडीच्या घडीवर बाटली आपटायची, लाकडी काठीनं ठासायचं, पुन्हा सोडायचा. अशी ठासून भरली तर साडेतीनशे ग्रॅम जातो. बुचाखाली जागा ठेवायची नाही. मग बूच, त्यावर वितळलेलं मेण. अशी बाटली दोन वर्षंसुद्धा राहते, आणि दुसऱ्या वर्षी मसाला जास्त गोल लागतो.

मेणाचं हे मी नुसतं ऐकीव सांगत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या घरात आली. माळ्यावर चढून आम्ही ती रात्र काढली. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या फडताळात चिखल होता आणि चिखलात बाटल्या. त्या वर्षी मेण कमी पडलं म्हणून पाच बाटल्यांना मी नुसतीच पत्र्याची झाकणं लावली होती. त्या पाचही फेकल्या. मेणाच्या नऊ बाहेरून पुन्हा पुन्हा धुतल्या, जंतुनाशकात ठेवल्या, आणि भीतभीत एकीचं मेण फोडलं. मसाला कोरडा होता. बोटाला लावला तर भुरभुरला. चौथ्या दिवशी स्टोव्हवर मसूर डाळ केली, शेजारच्या तीन घरांना दिली. फोडणीत तो मसाला पडला आणि घरातल्या कुबट वासावर पहिल्यांदा दुसरा वास चढला. तेव्हा मी रडले. तोवर रडले नव्हते.

कुर्ला हे नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडलं म्हणतात, इथल्या खाजणात त्या भरपूर मिळायच्या. आमच्यात पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती धर्म आला. होली क्रॉस चर्चही त्याच काळातलं, 1848 मध्ये नव्यानं बांधलेलं. 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र त्या मानानं अलीकडचं. आगबोटीनं गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण इथलेच हे सांगायला आमच्या लोकांनी 1887 मध्ये संघटना काढली आणि ते नाव घेतलं. भाषा मराठीच राहिली, लुगडं राहिलं, ऑक्टोबरातला आगेरा राहिला, नव्या भाताच्या लोंब्या अजून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, जरी त्या आता दुरून आणाव्या लागतात. मिरचीही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून या किनाऱ्यावर आली. म्हणजे आमच्या लाल मसाल्याचं वय पाचशे वर्षांच्या आतलं. त्यातली मिरी, हळद, धणे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथली. विंदालूही तसाच, नाव तिकडच्या दारू-लसणाचं आणि चव आमच्या बाटलीची.

मी नोकरीला फोर्टात होते. मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांचं सेंट पीटर्स चर्च आहे, 1796 मधलं. दुपारच्या सुट्टीत कधी कधी मी तिथे जाऊन बसायची. एके काळी त्या भागात आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती होती, आता तिथे सीरियन ख्रिस्ती बांधव उपासना करतात. बाकावर बसून माझ्या मनात दर वेळी एकच यायचं, या आर्मेनियन लोकांच्या घरी काय शिजत असेल? पुढे पुष्कळ वर्षांनी आर्मेनियातल्या लवाश रोटीबद्दल एक माहितीपट पाहिला. जमिनीत पुरलेली मातीची भट्टी, तिला तोनिर म्हणतात. एक बाई कणीक लाटते, दुसरी ती हवेत झेलत ताणते, तिसरी गादीसारख्या उशीवर पसरून भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापते. सगळ्या शेजारणी, सगळ्या नात्यातल्या. भाकऱ्यांची चळत वाळवून महिनोन्‌महिने ठेवतात आणि खाताना पाणी शिंपडून मऊ करतात. 2014 मध्ये युनेस्कोनं ती रीत मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. मला त्या तिघींच्या हातांत आमच्या तीन कांडपिणी दिसल्या. आणि त्या चळतीकडे बघून वाटलं, या बायकांनीही आधी बसून मोजलं असणार. हिवाळ्यात घरात किती तोंडं, कोण परत येणार, कोण नाही. ही मोजणी दोन्हीकडे आधी होते.

आमची मोजणी कशी उतरत गेली ते सांगते. आजीच्या छत्तीस. काका वेगळे झाले, आईच्या वेळी वीस. पुराच्या वर्षी चौदा. मग मोठा मुलगा मेलबर्नला गेला. त्याच्यासाठी दोन बाटल्या काढून ठेवायची सवय तो गेल्यावरही चार वर्षं गेली नाही, त्या माझ्याच फडताळात जुन्या होत राहिल्या. नवरा गेला त्या वर्षी ईस्टरनंतर मी मोजायलाच बसले नाही. मे अर्धा सरला, आभाळ भरायला लागलं, तेव्हा शेजारची बाई मिरच्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "मी सुपं आणलीत," एवढंच बोलली. आम्ही दोघींनी मिळून आठ बाटल्या भरल्या, चार तिच्या, चार माझ्या. भाजायला मी बसले. तिला दारावर बसवलं.

या वर्षी मोजणी सहावर आली. मी, धाकटा मुलगा, सूनबाई. ती चुनाभट्टीची, माहेरी गोडा मसाला. पहिल्या वर्षी आमच्या आमटीनं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आता ऑफिसच्या डब्यात दोन चमचे जास्तच पडतात. एक बाटली चर्चच्या सणाला, एक नेहमीप्रमाणे शेजारी. मग मुलीचा फोन आला. ती मीरा रोडला एकटी राहते, रात्री आठला घरी पोचते, रोज शिजवतेच असं नाही.

"आई, मला अर्धीच बाटली भर ना. वर्षभर पुरते मला."

मी म्हटलं, अर्धी बाटली नसते. अर्धी भरली की उरलेल्या अर्ध्यात हवा राहते, रंग जातो, वास जातो, सप्टेंबरपर्यंत तुझ्या हातात विटेची पूड उरेल. ती म्हणाली, मग राहू दे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. आजीच्या मोजणीत एकट्या माणसाचं घर नव्हतंच. तिच्या बाटलीचं माप अठरा ताटांना बघून ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर मी बैलबाजाराकडे भंगारवाल्याकडे गेले. पाइंटची बाटली, म्हटलं, तपकिरी, गळ्याला चीर नको. त्यानं गोणीतून पाच-सहा काढून दाखवल्या. उन्हात धरून एकेक पाहिली. एक हिरवट होती, ती परत केली. दोन घेतल्या, एक फुटली तर असावी म्हणून. आता त्या गच्चीवर उपड्या सुकताहेत, सहा मोठ्यांच्या शेजारी. मेण या वेळी जास्तीचं आणलंय. बुचं मात्र मोठ्या गळ्याची आहेत, लहान गळ्याला घासून बसवावी लागतील.