अठरा नंबरची बस

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाऊन आलेल्या बाईला गावात दोनच प्रश्न विचारतात. बाळ कुणासारखं दिसतं, आणि तिकडे करमलं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला मी आपलं "करमलं की" म्हणून मोकळी होते. पन्नाशी उलटल्यावर एका शहराच्या प्रेमात पडले, असं सांगितलं तर आमच्या वाटूरच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत राहतील!

२०२३ च्या एप्रिलात मी लंडनला गेले. मोसंबीच्या बागेचं पाणी आणि थकलेल्या आत्याबाई, दोन्ही सोडून ह्यांना निघता येईना. तेव्हा फाट्यावरून एस.टी.नं जालना, जालन्याहून रेल्वेनं मुंबई, तिथपर्यंत हे सोबत आले. पुढे विमानात मी एकटी. त्याआधी एकटीनं केलेला माझा सर्वांत लांबचा प्रवास परतूरपर्यंतचा. सामानात डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा असं सगळं होतं. घरचं तूप मात्र राहिलं. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवलं, छान कणीदार झालं.

पहिले दोन महिने तेल-मालीश, शेक-शेगडी यातच गेले. शेगडी विजेची, एवढाच फरक! घराबाहेर पडायचं ते वेंब्लीच्या ईलिंग रोडवर भाजीला. मेथी, गवार, कारली, सगळं मिळतं आणि दुकानदार गुजराती बोलतात. हेच लंडन असेल तर आपला जालन्याचा बाजार काय वाईट, असं मनात यायचं.

मग एका दुपारी, मायलेकरं झोपलेली असताना, जावयांनी बसचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "आई, जरा फिरून या."

"कुणाबरोबर?" मी विचारलं. तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न विचारल्याशिवाय मी उंबरठा ओलांडलाच नव्हता.

अठरा नंबरची बस सडबरीहून निघते, वेंब्लीवरून जाते आणि युस्टनला संपते. लाल, दुमजली. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की सगळा रस्ता आपल्या पायाखाली सरकतो. त्या दिवशी मी युस्टनला उतरले, समोरच्या बाजूनं तीच बस पकडली आणि परत आले. बस, एवढंच. पण वाटूर फाट्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर चारजण विचारतात, "काहून ताई, कुणीकडं निघालात?" त्यात माया असते, मी नाही म्हणत नाही. इथं तासभर मला कुणी काही विचारलं नाही, आणि मला फार हलकं वाटलं.

नंतर आठवड्यातून दोनदा तरी जाऊ लागले. युस्टनहून ब्रिटिश लायब्ररी पायी जाता येते. ब्रिटिश म्युझियमही फार लांब नाही, आणि दोन्हीकडे आत जायला पैसे पडत नाहीत. बाहेरच्या कॉफीचे रुपये केले की पोटात गोळा यायचा, म्हणून चहाचा थर्मास घरून न्यायची. म्युझियमच्या मधल्या चौकात ती जुनी गोल वाचनखोली आहे. बाबासाहेब अर्धपोटी राहून तिथं दिवसदिवस वाचत बसायचे, हे चरित्रात वाचलेलं. तिच्याबाहेर मी बराच वेळ उभी राहिले. १९२१-२२ साली ते जिथं राहत, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं घेतलं. चॉक फार्म स्टेशनवर उतरून, वाट विचारत विचारत, तेही पाहून आले.

त्या घराजवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. वर बसलं की अख्खं शहर समोर पसरलेलं दिसतं. तिथं पोळी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खाता खाता ध्यानात आलं, गेल्या दोन तासांत मला ना बाळाची आठवण आली, ना ह्यांची, ना आत्याबाईंच्या गोळ्यांची. मी मला आठवत होते. शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट फिरवणारी मुलगी!

लेकीच्या कपाटात मीना प्रभूंचं 'माझं लंडन' होतं. ते तिथं दोनदा वाचलं. त्या डॉक्टर, लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या, आणि पुढे किती देश एकटीनं पालथे घातले त्यांनी! २०२५ मध्ये त्या पुण्यात गेल्याचं वाचलं तेव्हा माहेरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. आमची नणंद म्हणते, "त्यांना इंग्रजी येत होतं, वहिनी." माझं इंग्रजी दहावीपुरतं. पण "सॉरी" आणि "थँक्यू" एवढ्या दोन शब्दांवर त्या शहरात अर्धा दिवस निघतो, हे मी अनुभवानं सांगते.

सगळंच गोड होतं असं नाही. घरं खुराड्यासारखी. भुयारी रेल्वेत उन्हाळ्यात जीव घुसमटतो. सप्टेंबरपासून हाडं कुरकुरू लागली. तरी ऑक्टोबरात व्हिसाचे सहा महिने संपत आले, तेव्हा बाळाचे कपडे घडी करता करता रडू आलं. लेक म्हणाली, "आई, बाळाची सवय झाली ना तुला?" मी मान हलवली. बाळाची झाली होतीच. पण शेवटच्या दुपारी मी बाळाला तिच्याकडे देऊन अठरा नंबरनं युस्टनला जाऊन आले, ते कुणाला कळलं नाही.

आता भिशीचे पैसे बाजूला ठेवते आहे. यंदा दिवाळीनंतर ह्यांच्याजवळ विषय काढला. लेकीला दुसरं काही नाही ना, असं त्यांनी आधी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग काय काम आहे तिथं?"

"काम काहीच नाही," मी म्हटलं.

बराच वेळ ते पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "किती दिवस?"