साडेसत्तावीस

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी संबंध दहावीलाच संपला होता, तो यंदा दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा जुळला. माझ्या नणंदेची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रोजेक्टसाठी घरातले क्लीनर तपासायचे होते. "मामी, तुझ्या बाथरूममधलं सगळं दे," म्हणाली. मी बाटल्यांचं टोपलंच पुढे ठेवलं.

त्यात एक दुकानातली निळी बाटली होती. तिच्यावर दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असं छापलेलं. दुसरा होता पांढरा कॅन. गाडीवाल्याकडून सुटं घेतलेलं 'ॲसिड', ना नाव ना टक्के. स्वस्त म्हणून घेतलेलं, आणि स्वस्त ते पातळच असणार असा माझा हिशेब. म्हणून भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना मी सांगत असे, "हात आखडू नका हो, सढळ ओता." त्या म्हणायच्या, "वैनी, हात चुरचुरालेत बघा." मला वाटायचं, कामाची टंगळमंगळ.

पोरीने आपल्या सरांना विचारून मलाही कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, रेघा आखलेली लांब काचेची नळी. तिच्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण. सोडा हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे नुसतं वजन करून त्याचा भरवसा धरता येत नाही. आधी ऑक्झॅलिक आम्लाशी त्याचीच परीक्षा घ्यावी लागते. (तपासणाऱ्यालाही तपासायचं, हे मला फार आवडलं.) मग क्लीनरचे दहा मिली घेऊन त्याचं पाणी घालून अडीचशे केलं. त्यामुळे निळा रंगही फिका झाला, नाहीतर पुढचा गुलाबी दिसला नसता. त्यातले दहा मिली चंबूत, वर फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. आम्लात ते बिनरंगी असतं. सोडा थेंबथेंब पडत जातो, गुलाबी उमटतं, हलवलं की विरतं. शेवटी एक थेंब असा पडतो की रंग राहतोच. तिथे तोटी बंद. जितका सोडा लागला तितकं आम्ल. सुनेला घरचं वळण लावताना सासूबाईंनीसुद्धा इतकं सावकाश ओतलं नसेल!

निळ्या बाटलीला अकरा मिली लागले. हिशेब केला, बरोबर दहा टक्के. छापलेलं खरं होतं.

मग कॅनची पाळी. अकरा झाले, पंधरा झाले, वीस झाले, गुलाबी काही टिकेना. "मामी, मोजायला चुकले का गं मी?" तिने पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा साडेसत्तावीसच्या आसपास. म्हणजे पंचवीस टक्के. बाटलीच्या अडीचपट, आणि तेही मी सढळ ओतायला लावलेलं. बाथरूमची शहाबादी फरशी पांढरट का पडली तेही तेव्हा कळलं. तो चुन्याचाच दगड, आम्ल पडलं की फसफसणारच. फरशीचं मला दिसलं होतं. मावशींच्या बोटांचं दिसलं नव्हतं. पाणी गाळून त्यातला जीव परत पाण्यात सोडणाऱ्या घरातली मी.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "वैनी, तुम्हीच म्हणता की कडक दे, मागचं पाणचट होतं." खरंच म्हटलं होतं मी. कॅन त्याने परत घेतला नाही. पोरीने लॅबमध्ये नेऊन सोड्याने तो निववला.

मावशी आल्या तेव्हा रबरी हातमोजे ठेवले होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. "ह्यात भांडं निसटतंय की," म्हणाल्या आणि बाजूला ठेवले. मग मी म्हटलं, "मावशी, हात दाखवा बघू." त्यांनी आधी ते पदराला पुसले.